इसहाक लाम्प्रोन्ती (१६७९–१७५६): फेरारातले रब्बी-वैद्य – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीतल्या फेरारा गावच्या या वैद्य-धर्मशास्त्र्याबद्दल बोलायला लागलं की ठरावीक प्रश्न येतातच. ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्यात जास्त येतो तो उवांचा प्रश्न: ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, शब्बाथला, डोक्यातली ऊ मारावी की नाही? त्याचं उत्तर नवव्या क्रमांकावर आहे. घाई असेल त्यांनी थेट तिकडे जावं. मात्र त्याआधी आठवा वाचला तर नववा नीट कळतो.

१. लाम्प्रोन्ती कोण? थोडक्यात सांगा.

यित्सहाक (म्हणजेच इसहाक) हिझकिया लाम्प्रोन्ती. जन्म १६७९, मृत्यू १७५६, दोन्ही फेरारात. पेशाने वैद्य, पदाने रब्बी, आणि आयुष्यभर एकाच ग्रंथाच्या मागे लागलेले कोशकार. घराणं मूळचं कॉन्स्टँटिनोपलचं. तिथून पूर्वज फेरारात येऊन स्थिरावले. वडील गेले तेव्हा इसहाक जेमतेम सहा वर्षांचे होते. घरची स्थिती चांगली होती, त्यामुळे शिक्षणात खंड पडला नाही. त्यांच्या काळचे लोक त्यांच्या नावाला 'प्रसिद्ध वैद्य' असं जोडून लिहीत. आज मात्र त्यांचं नाव घेतलं जातं ते त्यांच्या 'पहद यित्सहाक' या कोशामुळे.

२. रब्बी म्हणजे ज्यूंचे भटजी ना? मग भटजींनी डॉक्टरकी कशी केली?

हा गैरसमज इतका पक्का आहे की तो आधी काढतो. रब्बी पूजा सांगणारा नव्हे. तो धर्मशास्त्राचा जाणकार असतो. वाद आला की निवाडा देतो, शंका आली की आधार दाखवतो, आणि शिकवतो. आपल्याकडे निर्णय विचारायला लोक शास्त्रीबुवांकडे जायचे, ते डोळ्यांपुढे आणा. प्रार्थना म्हणायला वेगळा माणूस असतो, त्याला हझान म्हणतात. रायगड जिल्ह्यातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएल मंडळींना हा शब्द घरचाच आहे.

आता वैद्यकी. धर्मशास्त्र सांगून पोट भरणं कमीपणाचं, असा एक जुना विचार ज्यू परंपरेत आहे. त्यात इटलीतल्या ज्यूंना बहुतेक धंदे बंद. जुने कपडे विकणं, सावकारी, आणखी दोन-चार गोष्टी, एवढंच उरायचं. वैद्यकी हा त्यातला मानाचा मार्ग. आणि रोग बरा करणं म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ, ही शंका तालमूदनेच (ज्यू पंडितांच्या शास्त्रचर्चांचा जुना ग्रंथ) मिटवून टाकली होती. दुखापत करणाऱ्याने जखमीच्या उपचाराचा खर्च द्यावा असं तोरा (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, मोशेची पाच पुस्तकं) सांगते; त्यावरून वैद्याला बरं करण्याची परवानगी आहे, असा अर्थ तिथे काढला आहे. म्हणून सकाळी नाडी आणि दुपारी तालमूद यात कोणाला विसंगती वाटत नसे. इटलीत असे रब्बी-वैद्य अनेक झाले (प्रश्न १५).

३. त्या काळात ज्यू मुलाला विद्यापीठात प्रवेश मिळायचा?

बहुतेक ठिकाणी नाही. पादुआत मिळायचा. पादुआ व्हेनिसच्या प्रजासत्ताकात होतं, आणि व्हेनिसचे व्यापारी पोपचं ऐकायचे ते आपल्या सोयीने. १५६४ मध्ये पोपने फर्मान काढलं की पदवी घेणाऱ्याने कॅथलिक श्रद्धेची शपथ घ्यावी. ज्यूंनाच नव्हे, जर्मनीहून आलेल्या प्रोटेस्टंट मुलांनाही ती घेणं शक्य नव्हतं, आणि ही परदेशी मुलं म्हणजे गावाची कमाई. व्हेनिसने मग शपथेशिवाय पदवी देण्याच्या वाटा काढल्या आणि १६१६ मध्ये त्यासाठी वेगळं मंडळच नेमलं. पुढच्या दोनशे वर्षांत तीनशेच्या वर ज्यू विद्यार्थी तिथून वैद्य होऊन बाहेर पडले.

फुकट मात्र काही नव्हतं. ज्यू विद्यार्थ्याला फी जास्त. शिवाय पदवीच्या वेळी विद्यापीठातल्या शिपायांना आणि विद्यार्थी-संघांना मिठाईचे पुडे वाटावे लागत, तेही सक्तीने. शवविच्छेदनासाठी ज्यू वस्तीतले मृतदेह पळवले जाऊ नयेत म्हणून तिथल्या ज्यू समाजाला पैसे मोजावे लागत, ते वेगळंच. पदवीपत्रावर 'प्रभूच्या वर्षी' असं न लिहिता 'चालू वर्षी' असं लिहून द्यायचे. एवढी सवलत होती.

४. त्यांचे गुरू कोण होते?

तिघे महत्त्वाचे. लुगो गावचे मनोआह प्रोवेन्साल यांच्याकडे किशोरवयात तालमूद. पादुआत वैद्यक शिकताना इसहाक हाय्यीम कांतारिनी. हे स्वतःही रब्बी आणि वैद्य. पुढे मांतुआचे यहूदा ब्रिएल. लाम्प्रोन्ती ज्यांना खऱ्या अर्थाने आपले गुरू मानत ते ब्रिएलच. उत्तर इटलीत युद्धाची चाहूल लागली तसं नातलगांनी त्यांना फेरारात परत बोलावून घेतलं.

ब्रिएल यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

५. फेरारात ज्यूंची अवस्था कशी होती?

एके काळी फार चांगली. एस्ते घराण्याचे ड्यूक राज्य करत होते तेव्हा स्पेनमधून १४९२ मध्ये हाकलल्या गेलेल्यांना त्यांनी आसरा दिला. १५५३ मध्ये ज्यूंसाठी बायबलचं स्पॅनिश भाषांतर छापलं गेलं ते याच गावात. १५९८ मध्ये गादीला पोपच्या मते कायदेशीर वारस उरला नाही, आणि फेरारा पोपच्या राज्यात गेलं. १६२७ मध्ये घेट्टो, म्हणजे ज्यूंनी राहायची सक्तीची वस्ती, झाला: मोजक्या गल्ल्या, पाच दरवाजे, रात्री कुलपं.

लाम्प्रोन्ती याच कुलपांच्या आत राहिले. पण आतलं जग एकसाची नव्हतं. इटालियन ज्यूंचं सिनेगॉग (प्रार्थनागृह) वेगळं, जर्मनीहून आलेल्यांचं वेगळं, स्पेनहून आलेल्यांचं आणखी वेगळं. प्रत्येकाचे प्रार्थनेचे पाठ निराळे, चालीही निराळ्या. लाम्प्रोन्ती इटालियन मंडळींच्या शाळेत शिकवत आणि स्पॅनिश सिनेगॉगमध्ये जात. तिथल्या लाकडी कपाटाच्या जागी (तोराच्या गुंडाळ्या ठेवायचं ते कपाट) त्यांनी स्वखर्चाने संगमरवरी कपाट बसवलं. वैद्यकी बरी चालत असणार, असा अर्थ मी यातून काढतो.

६. वैद्य म्हणून त्यांची पद्धत काय होती? ख्रिस्ती रोगी त्यांच्याकडे येत का?

रोग्यांना भेटायला ते भल्या सकाळी जात. रात्रीच्या विश्रांतीनंतर वैद्याची नजर ताजी असते, रोग्याची स्थिती अचूक कळते, असं त्यांचं म्हणणं. पादुआच्या गुरूंशी, कांतारिनींशी, वैद्यकीय विषयांवर त्यांचा पत्रव्यवहार चाले. त्यांच्या कोशातही वैद्यकाचं ज्ञान ठिकठिकाणी डोकावतं.

ख्रिस्ती रोग्यांबद्दल नियम स्पष्ट होता: ज्यू वैद्याने ख्रिस्ती माणसाला औषध देऊ नये. पोपने १५५५ मध्ये हे बजावलं, १५८१ मध्ये दुसऱ्या पोपने पुन्हा बजावलं. एकच बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागते याचा अर्थ कुठल्याही गावच्या माणसाला सांगायला नको.

७. शब्बाथच्या दिवशी रोगी आला तर हे वैद्य काय करत? त्या दिवशी काम बंद असतं ना?

बंद असतं, शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत. हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नसावी. कोकणात तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांना गावकऱ्यांनी 'शनवार तेली' हेच नाव दिलं होतं.

पण जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ बाजूला ठेवायचा, हा तालमूदचा ठाम नियम आहे. धोका नक्की आहे की नाही याची शंका असली तरी बाजूला ठेवायचा. अशा वेळी निर्णय विचारत बसणारा दोषी ठरतो, इथपर्यंत शास्त्र जातं. किरकोळ दुखण्याला मात्र ही सूट नाही. गंभीर कुठलं आणि किरकोळ कुठलं हे ठरवायला शास्त्र आणि वैद्यक दोन्ही लागतं; दोन्ही एकाच डोक्यात असणं सोयीचंच.

८. 'पहद यित्सहाक' हा नेमका कसला ग्रंथ आहे?

ज्यू धर्मशास्त्राचा अकारविल्हे कोश. हिब्रूत आहे, आलेफ या पहिल्या अक्षरापासून ताव या शेवटच्या अक्षरापर्यंत.

यात विशेष काय, असं वाटेल. तालमूद उघडून पाहिला तर कळतं. तिथे विषयवार मांडणी अशी नाहीच. लग्नाच्या प्रकरणात मध्येच वैद्यकी येते, शब्बाथच्या प्रकरणात प्राण्यांच्या जाती येतात, वादातून वाद फुटत जातो. सगळं पाठ असलेल्याला त्यात वाट सापडते, इतरांनी बुडून जायचं. पुढच्या पंडितांनी विषयवार संहिता केल्या. लाम्प्रोन्तींनी शब्दवार केली: शब्द शोधा, त्याखाली तालमूदचा मजकूर, मागच्या पंडितांची मतं, आणि त्यापुढे त्यांच्याच काळातल्या इटालियन रब्बींचे निवाडे. यातले कित्येक निवाडे हस्तलिखित पत्रांत होते, कुठेही छापलेले नव्हते. कोणत्या गावात कशावरून भांडण झालं, कोणी काय मत दिलं, कोणी ते खोडलं, सगळं त्यात आहे. अठराव्या शतकातला इटालियन घेट्टो अभ्यासणाऱ्यांना हे घबाडच आहे.

मराठी वाचकाला वाईचा धर्मकोश माहीत असेल, तर जातकुळी तीच. फरक इतकाच की तिथे मंडळ होतं आणि इथे रोगी तपासून घरी आलेला एक माणूस.

कोश म्हणून यात एक खोडही आहे. नोंदीचं शीर्षक कोणत्या शब्दावर बांधायचं याला ठाम नियम नाही. मनात आला तो शब्द, असं कधी कधी वाटतं. याचा त्रास प्रश्न १६ मध्ये दिसेल.

९. उवांचं प्रकरण काय आहे?

तर उवा. शब्बाथच्या दिवशी जी ३९ प्रकारची कामं वर्ज्य आहेत, त्यात जीव मारणं हे एक. मग डोक्यातली ऊ मारली तर? तालमूदमध्ये रब्बी एलिएझर म्हणतात, शब्बाथला ऊ मारणं म्हणजे उंट मारल्यासारखंच. इतर पंडित म्हणतात, नाही, ऊ मारायला हरकत नाही. पिसू मात्र मारायची नाही.

हा भेद कशावर उभा आहे? मीमांसेची गोडी असलेल्यांना मजा वाटेल. ही कामं वर्ज्य ठरली ती इजिप्तमधून निघालेल्या इस्राएलांनी वाळवंटात उपासनेसाठी पवित्र तंबू उभारला तेव्हा जी कामं झाली त्यांवरून. तंबूच्या आच्छादनासाठी मेंढे मारले होते. मेंढा नर-मादीपासून जन्मतो. म्हणजे वर्ज्य आहे तो अशा, प्रजनन करणाऱ्या जिवाचा वध. ऊ तर घामातून, मळातून आपोआप होते, तिला आईबाप नाहीत. तेव्हा ती या नियमात बसत नाही.

तालमूदमध्येच कोणीतरी विचारतं: पण देव रानरेड्यांपासून उवांच्या अंड्यांपर्यंत सगळ्यांचं पोषण करतो, असं आपण म्हणतो ना? म्हणजे अंडी आहेत की! उत्तर येतं, ती एका वेगळ्याच किड्याची जात आहे, तिचं नावच 'उवांची अंडी'. पोरींच्या केसांतून फणीने लिखा काढणाऱ्या कुठल्याही आजीने हे उत्तर ऐकून घेतलं नसतं. पण आपोआप जीव निर्माण होतात हे त्या काळचं सर्वमान्य शास्त्र होतं. ॲरिस्टॉटलही तेच सांगत होता. चूक एकट्या तालमूदची नव्हती. सोळाव्या शतकातल्या 'शुल्हान आरूख' या संहितेतही तोच नियम आला: पिसू नाही, ऊ चालेल.

१६६८ मध्ये फ्लॉरेन्सच्या दरबारातल्या फ्रान्चेस्को रेदी या वैद्याने मांसाचे तुकडे बरण्यांत ठेवले. काही बरण्या उघड्या, काहींवर जाळीचं कापड. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या. झाकलेल्या बरण्यांतल्या मांसात झाल्या नाहीत, माश्या कापडावर घोंगावत राहिल्या. किडे सडण्यातून होत नाहीत, अंड्यांतून होतात. लाम्प्रोन्ती पादुआला शिकायला गेले तोवर नव्या वैद्यांमध्ये हा विचार रुजला होता.

आणि मग हा पादुआचा वैद्य रब्बी म्हणून कोश लिहितो आणि 'निषिद्ध शिकार' या नोंदीपाशी येतो. तिथे तो सरळ लिहितो, त्याचा आशय असा: आजच्या अभ्यासकांनी पाहून, सिद्ध करून ठेवलं आहे की प्रत्येक जीव अंड्यापासून होतो. तालमूदच्या पंडितांनी हे पुरावे ऐकले असते तर त्यांनीही आपलं मत मागे घेतलं असतं. हे धाडसाचं आहे, पण बिनआधाराचं नाही. आकाशातल्या चक्राच्या आणि सूर्याच्या गतीबद्दलच्या वादात इतर राष्ट्रांच्या पंडितांचं म्हणणं आपल्यापेक्षा बरोबर दिसतं, अशी कबुली तालमूदमध्येच आहे. लाम्प्रोन्ती त्याकडेच बोट दाखवतात. म्हणून, ते म्हणतात, पापापासून स्वतःला जपणाऱ्याने ऊही मारू नये आणि पिसूही मारू नये.

पण स्वतःच निर्णय देऊन मोकळे झाले नाहीत. त्यांनी मांतुआला, ब्रिएल गुरुजींना विचारलं. गुरुजींचं उत्तर खणखणीत नकाराचं: परंपरेने हाती आलेला नियम परकीय पंडितांच्या शोधांवरून हलवायचा नाही.

१०. मग लाम्प्रोन्ती गुरूंपुढे नमले का? की विज्ञानासाठी धर्माविरुद्ध उभे राहिले?

दोन्ही नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा यांपैकी एक उत्तर हवं असतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

त्यांनी गुरूंचं उत्तर कोशात जसंच्या तसं घातलं. आपलं मतही खोडलं नाही. दोन्ही एकाच नोंदीत शेजारी शेजारी आहेत. वाचणाऱ्याला दिसतं की शिष्याने काय विचारलं आणि गुरूने काय सुनावलं. माझ्या मते या नोंदीतली खरी मोलाची गोष्ट ती. कोशकाराच्या हातात कात्री असते. स्वतःला पटलेलं ठेवून गुरूंचं गाळता आलं असतं, किंवा गुरूंची भीड पडून स्वतःचंच गाळता आलं असतं. त्यांनी काहीच गाळलं नाही.

आणि त्यांना गॅलिलिओसारखं हुतात्मा करू नका. कोणी त्यांच्यावर खटला भरला नाही, पद काढून घेतलं नाही. शास्त्र मोडायला ते निघालेच नव्हते. त्यांचा निष्कर्ष शास्त्र अधिक कडक पाळा असा होता, यावरच पुढचा प्रश्न उभा राहतो.

११. विज्ञानामुळे नियम कडक होत असेल तर ठीक. पण सैल होत असेल तर?

इथेच ब्रिएल यांची बाजू समजते. ऊ न मारल्याने कोणाचंही पाप होत नाही. फार तर खाजवत बसावं लागेल. म्हणून लाम्प्रोन्तींचा बदल निर्धोक दिसतो. पण एकदा का 'कारण चुकलं, म्हणून नियम बदला' हे तत्त्व मान्य केलं की ते उवांपाशी थांबत नाही. आज कडक, उद्या सैल.

शिवाय तीच समजूत दुसऱ्या नियमांतही मुरलेली आहे. झाडावरून काढलेल्या फळात झालेली अळी बाहेर पडेपर्यंत खाण्यात दोष नाही, माशाच्या मांसात होणाऱ्या काही अळ्या चालतात. का? त्या तिथेच, त्या पदार्थातूनच झाल्या म्हणून. अळी बाहेरून आलेल्या अंड्यातून झाली असेल तर हे सगळं पुन्हा तपासावं लागेल. एका उवेमुळे स्वयंपाकघरापर्यंत गोष्ट जाते.

आजही याचा एकमताने निकाल लागलेला नाही. बरेच जण म्हणतात नियम कायम, कारण नियम परंपरेतून आला आणि 'आपोआप होते' हे स्पष्टीकरण नंतर जोडलं गेलं. स्पष्टीकरण पडलं तरी नियम पडत नाही. काही जण लाम्प्रोन्तींप्रमाणे सांगतात, कशाला धोका पत्करायचा, मारू नका. या दुसऱ्या बाजूचा आधार शोधताना फेरारातल्या वैद्याचं नाव निघतंच.

१२. 'पहद यित्सहाक' नावाचे दोन ग्रंथ आहेत का? एका ठिकाणी लेखक कांतारिनी दिला आहे.

आहेत, आणि गोंधळ होणं साहजिक आहे. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात इसहाकाचा मुलगा याकोब देवाला 'इसहाकाचा धाक' म्हणतो, म्हणजे इसहाकाला ज्याचा धाक वाटे तो. हिब्रूत 'पहद यित्सहाक'. ज्याचं नावच इसहाक त्याला ग्रंथासाठी याहून चांगलं नाव कुठून मिळणार?

पादुआच्या कांतारिनींचंही नाव इसहाक. त्यांचा 'पहद यित्सहाक' १६८५ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला गेला, आणि तिथे 'धाक' शब्दशः आहे. १६८४ मध्ये ख्रिस्ती सैन्याने तुर्कांच्या हातातल्या बुडा शहराला वेढा घातला. तिथले ज्यू तुर्कांच्या बाजूने लढतात अशी आवई पादुआत उठली आणि जमाव घेट्टोवर चालून आला. त्याची हकिकत त्या पुस्तकात आहे. म्हणजे गुरूचं पुस्तक दंगलीचं आणि शिष्याचं पुस्तक कोशाचं, नाव तेच. विसाव्या शतकातही याच नावाची आणखी एक ग्रंथमाला झाली, तिच्या लेखकाचं नाव? इसहाकच.

१३. शिक्षक म्हणून त्यांनी काय केलं?

१७०९ पासून इटालियन ज्यूंच्या तालमूद तोरा शाळेत ते शिकवत. तालमूदबरोबर हिब्रू व्याकरणावर त्यांचा भर होता. १७१५ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचं फलित छापून काढायला सुरुवात केली. हिब्रू नियतकालिकांच्या इतिहासात अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. पुढे ते रब्बींच्या मंडळात आले आणि १७४९ मध्ये, सत्तरीत, येशिवाचे (तालमूदच्या उच्च पाठशाळेचे) प्रमुख झाले. त्यानंतर फार काळ शिकवता आलं नाही. डोळे साथ देईनात.

१४. ग्रंथ छापायला इतका वेळ का लागला? आणि त्यांच्या कबरीचं काय?

हे दोन प्रश्न वेगळे येतात, पण उत्तर जवळजवळ एकच गोष्ट सांगतं, म्हणून एकत्र घेतो.

कोशाचा पहिला भाग व्हेनिसला १७५० मध्ये निघाला. तेव्हा लाम्प्रोन्ती एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांच्या हयातीत वर्णमालेची जेमतेम पहिली दोन अक्षरं छापून झाली. पुढचे भाग रखडत, गावं बदलत निघाले: पुन्हा व्हेनिस, मग रेज्जो, मग लिव्होर्नो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व प्रशियातल्या लिक या गावी जुनी हिब्रू हस्तलिखितं छापणारी एक संस्था निघाली. तिचं नाव 'मेकिझे निर्दामिम', म्हणजे निजलेल्यांना उठवणारे. तिने उरलेलं काम अंगावर घेतलं आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ते पुरं झालं. हस्तलिखिताचे शंभराहून अधिक खंड पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. उवांची नोंद 'त्सादी' या अक्षराखाली येते, वर्णमालेत बरीच शेवटाकडे. त्यामुळे रेदीच्या प्रयोगानंतर काही दशकांतच लिहिलेला तो मजकूर छापून आला एकोणिसाव्या शतकात, पाश्चरच्या काळात. तोवर आपोआप जीव होण्याचा वाद युरोपात जवळजवळ संपला होता.

कबर तर नाहीच म्हणायची. १७५६ मध्ये ते वारले त्याच्या काही महिने आधी पाद्र्यांच्या चिथावणीवरून फेरारातल्या ज्यू दफनभूमीतले दगड फोडले गेले होते आणि नवे बसवायला मनाई झाली होती. म्हणून त्यांच्या कबरीवर दगड बसला नाही. पोपचं राज्य गेल्यावर, १८७२ मध्ये, ते राहत असत त्या घरावर गावकऱ्यांनी संगमरवरी पाटी लावली. तिच्यावर इटालियनमध्ये लिहिलं आहे की वैद्य आणि धर्मशास्त्री, विद्वानांमध्ये अतिशय नावाजलेले इसाक लाम्प्रोन्ती या घरात राहत असत, त्यांनी गावाला मान मिळवून दिला, आणि विद्येची चाड असलेल्या काही नागरिकांनी ही पाटी लावली आहे. ते नागरिक कोणत्या धर्माचे, हे पाटीवर नाही.

१५. त्यांच्यासारखे आणखी कोण होते? आणि आपल्या गोव्याचा गार्सिया दा ओर्ता यांच्यातच मोडतो का?

आधी ओर्ता. तो पोर्तुगीज वैद्य, गोव्यात राहिला, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, आणि हिंदुस्थानातल्या औषधींवरचं त्याचं संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. घराणं ज्यू, पण सक्तीने ख्रिस्ती झालेलं. रब्बी होणं सोडाच, ज्यू असल्याचा संशयसुद्धा जिवावर बेतणारा होता. मरणानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, गोव्याच्या इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) त्याची हाडं उकरून जाळली. तेव्हा तो रब्बी-वैद्यांच्या रांगेत बसत नाही. लाम्प्रोन्तींच्या कबरीवर दगड नव्हता, ओर्ताला कबरच ठेवली नाही.

रांगेतले म्हणाल तर याकोब त्साहालोन. रोममध्ये शिकलेले वैद्य. १६५६ च्या प्लेगमध्ये रोमचा घेट्टो बंद केला गेला, सिनेगॉगमध्ये जमायची मनाई झाली, तेव्हा ते घराच्या सज्जातून खाली रस्त्यावर उभ्या लोकांना प्रवचन देत. त्यांचं वैद्यकावरचं हिब्रू पुस्तक १६८३ मध्ये व्हेनिसला निघालं, आणि उतारवयात ते फेरारातच रब्बी होते. लाम्प्रोन्ती तेव्हा लहान होते. दुसरे तोबियास कोहेन, हेही पादुआचे. त्यांच्या १७०८ च्या ग्रंथात मानवी शरीर चौमजली घरासारखं काढलं आहे, पोटाच्या जागी चूल. मात्र ते रब्बीपेक्षा वैद्य जास्त. ऑटोमन दरबारी त्यांची सेवा गेली.

१६. मला मूळ नोंद पाहायची आहे. कुठून सुरुवात करू?

हिब्रू येत असेल तरच. मजकूर स्वरचिन्हांशिवाय आहे आणि तालमूदमधली अरामी वाक्यं पानोपानी आहेत. उवांची नोंद हवी असेल तर 'ऊ' शोधू नका, 'शब्बाथ' तर नकोच. ती 'त्सेदा हा-असुरा', म्हणजे 'निषिद्ध शिकार' या शीर्षकाखाली आहे. मी पहिल्यांदा शोधली तेव्हा 'किन्ना', म्हणजे ऊ, या शब्दाखाली अर्धा दिवस घालवला होता. उवेला मारणं ही शिकार आहे, हे डोक्यात यायलाच वेळ लागला.